उजेड रस्त्यावर पाडा, झाडात नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मोर्शी-वरूड भागात एलईडीचे दिवे आता पांदण रस्त्यांपर्यंत पोचले आहेत. साप-विंचवाच्या दिवसांत उजेड हवाच. पण कडुलिंबाच्या शेंड्यात तो कोणासाठी? दयाळ पक्षी रात्री दोन-तीनलाच गायला लागला की लोक उकाड्याला दोष देतात. संशय आधी दिव्यावर घ्यावा.

पक्ष्याला दिवस मोठा झाल्याचं नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. उजेड कवटी भेदून मेंदूच्या तळाकडच्या पेशींपर्यंत जातो. शास्त्रज्ञ मायकेल मेनाकर यांनी १९७० च्या सुमारास दाखवलं की आंधळ्या चिमण्यांनाही मोठा दिवस ओळखता येतो. डोक्याच्या कातडीखाली काळी शाई भरली की ही जाण मंदावते. या पेशींकडून निरोप मेंदूखालच्या पीयूष ग्रंथीला जातो आणि थंडीत मोहरीएवढी असलेली वृषणं काही आठवड्यांत कितीतरी पटींनी वाढतात. रक्तात टेस्टोस्टेरॉन हे नराचं संप्रेरक चढतं, त्यातलं काही मेंदूतच ईस्ट्रोजेन या दुसऱ्या संप्रेरकात बदलतं आणि मेंदूतली गाण्याची केंद्रं फुगतात. शास्त्रज्ञ फर्नांडो नॉटेबोम यांनी १९८१ मध्ये कॅनरी नरांत मोजलं, तेव्हा ‘एचव्हीसी’ हे मुख्य केंद्र शरदापेक्षा वसंतात जवळपास दुप्पट भरलं. कॅनरीच्या मादीला टेस्टोस्टेरॉन दिलं तर तीही नरासारखी गाऊ लागते. उलट, अमेरिकेतल्या पांढऱ्या डोक्याच्या चिमणीत हे संप्रेरक एकाएकी काढून घेतलं, तर बारा तासांत एचव्हीसी पाचव्या हिश्श्याहून जास्त आक्रसलं. मेंदू पोसायला महाग. हंगाम सरल्यावर तो भार पक्षी कशाला वाहील?

(कोकिळेला यात ओढू नये. ती गायक पक्ष्यांच्या गणात नाही, तिचा ‘कुहू’ शिकलेला नसतो. आणि तो ओरडतो नर.)

आपल्याकडे दिवस हिवाळ्यात अकरा तासांना थोडा कमी, जूनमध्ये साडेतेराच्या जवळ. एवढा फरकही पक्ष्यांना पुरतो. सुगरण मात्र दिवस वाढला तरी पाऊस आणि ओलं गवत येईस्तोवर विणायला बसत नाही. म्हणजे दिवसाची लांबी तयारी करून देते, शेवटचा धक्का पाऊस देतो.

आता दिव्याचा हिशोब. जर्मनीत २०१३ साली कस्तुराच्या जातकुळीतल्या काळ्या पक्ष्यांवर प्रयोग झाला. रात्री फक्त ०.३ लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड, म्हणजे भर पौर्णिमेइतका. तेवढ्यानं वृषणं जवळपास महिनाभर आधी तयार झाली. असं झालं की अंडी-पिल्लांची वेळ आणि अळ्या-किड्यांची वेळ यांचा मेळ बिघडू शकतो. मोबाइलच्या अॅपवर इतका मंद उजेड मोजायला जाऊ नका, आकडा भरवशाचा येत नाही. झाडाखाली उभं राहून या दैनिकाचा बारीक मजकूर वाचता आला, तर उजेड पौर्णिमेहून खूप जास्त आहे असं समजा.

उपाय महागडे नाहीत. दिव्याची मान आडवी करावी, वर आणि झाडाच्या बाजूला पत्र्याची टोपी बसवावी, पांढऱ्याऐवजी पिवळसर दिवा लावावा. पत्रा दिव्याला चिकटवू नये; उष्णता बाहेर टाकणाऱ्या मागच्या पात्यांना हवा मिळाली नाही तर दिवा लवकर जातो. जानेवारी ते जून या काळात वर्दळ नसलेल्या पांदणीवर रात्री दहा ते पहाटे पाच दिवा बंद ठेवणारा टायमर लावावा. वीज गेली की साधा टायमर तेवढाच मागे पडतो आणि दिवा भलत्या वेळी लागतो. म्हणून बॅटरीवर वेळ राखणारा घ्यावा. लग्नाची लायटिंग घरट्याच्या फांदीवर बांधू नये, आणि बांधलीच तर वरात आटोपल्यावर त्याच रात्री उतरवावी.

– एक पक्षी अभ्यासक, ता. मोर्शी, जि. अमरावती