गच्चीवरचे गरम पाणी तळमजल्यापर्यंत

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

रविवारी फोनवर बाबांनी असे सुचवले की, डेन्व्हरला माझ्या घरी सिंकखाली जो छोटा व्हॉल्व्ह बसवला आहे तसाच नाशिकच्या घरीही बसवून टाकावा, म्हणजे फरशी फोडावी लागणार नाही आणि काम एका दिवसात उरकेल. नळ सोडल्याबरोबर गरम पाणी मिळावे ही तुमची इच्छा मला पूर्ण मान्य आहे. पण तो व्हॉल्व्ह आपल्या घराच्या रचनेत चालणार नाही, आणि त्याची कारणे फोनवर घाईत सांगण्यासारखी नसल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

आपली सोलर वॉटर हीटरची टाकी गच्चीवर, तुमचे बाथरूम तळमजल्यावर, आणि मधली पाइपलाइन वळणे घेत जवळपास 25 मीटरची आहे. पाऊण इंची सीपीव्हीसी (गरम पाण्यासाठीच्या प्लास्टिकच्या) पाइपच्या एका मीटरमध्ये साधारण पाव लिटर पाणी मावते. म्हणजे रात्रभरात पाइपमध्ये गार झालेले सहा-साडेसहा लिटर पाणी आधी बाहेर आल्याखेरीज टाकीतले पाणी नळापर्यंत पोहोचत नाही, आणि पोहोचता पोहोचता थंड पाइपही त्यातली उष्णता शोषून घेतो, म्हणून प्रत्यक्षात आठ-दहा लिटर पाणी सोडावे लागते. आई, तू ते पाणी वाया न घालवता बादलीत भरून झाडांना घालतेस, हे मला ठाऊक आहे. परंतु जानेवारीत नाशिकचा पारा 10 अंशांखाली गेलेला असताना भल्या पहाटे ओल्या फरशीवरून भरलेली बादली उचलून नेणे मला मुळीच पसंत नाही.

आता त्या व्हॉल्व्हविषयी. इथे डेन्व्हरला हीटर तळघरात आहे आणि गरम व गार अशा दोन्ही लाइन शहराच्या पाण्याच्या दाबावर चालतात. हीटरजवळचा छोटा पंप गरम पाणी पुढे ढकलतो, शेवटच्या सिंकखालचा व्हॉल्व्ह पाइपमधले निवलेले पाणी गार पाण्याच्या लाइनमध्ये सोडतो, ते त्याच वाटेने हीटरकडे परत येते, आणि पाणी पुरेसे गरम झाले की व्हॉल्व्ह आपोआप बंद होतो. त्यामुळे गार पाण्याच्या नळाला काही वेळ कोमट पाणी येते, याबद्दल बाबांनी इथे असताना तक्रारही केली होती. आपल्याकडे मात्र सारे पाणी गच्चीवरच्या मोठ्या टाकीतून केवळ उंचीच्या जोरावर खाली येते, आणि सोलरला जाणारी लाइन त्या टाकीतून वेगळी काढलेली आहे. तिथे हा व्हॉल्व्ह बसवला तर गार लाइनमध्ये ढकललेले पाणी सोलरकडे न जाता वरच्या मोठ्या टाकीत चढेल, सोलरमध्ये तेवढेच गार पाणी नव्याने शिरेल, आणि उन्हाने तापवलेले पाणी आपण संडासाच्या फ्लशसाठी वापरू. म्हणून आपल्याला निवलेले पाणी सोलरच्या टाकीकडे नेणारी परतीची स्वतंत्र लाइनच हवी.

ती लाइन तुमच्या बाथरूमच्या नळाजवळून निघून मागच्या डक्टमधून वर जाईल आणि सोलरच्या टाकीच्या गार पाण्याच्या तोंडाशी जोडली जाईल, त्यामुळे फरशी फोडण्याचा प्रश्न फक्त बाथरूमच्या एका कोपऱ्यापुरता उरतो. बाबा, दोन मजले पाणी चढवायला मोठी मोटर लागेल ही तुमची शंका रास्त वाटते, पण या रचनेत ती लागू पडत नाही. लाइन दोन्ही बाजूंनी पाण्याने भरलेली असल्यामुळे एका बाजूने उतरणारे पाणी दुसऱ्या बाजूने चढणाऱ्या पाण्याचा तोल सांभाळते, आणि पंपाला फक्त पाइपमधल्या घर्षणावर मात करावी लागते. त्यासाठी अगदी छोटा पंप पुरतो, मात्र तो कांस्याचा किंवा स्टेनलेस स्टीलचाच असावा, कारण ताजे पाणी सतत येत राहिले की बिडाचा पंप गंजतो. तो गच्चीवर न बसवता खाली डक्टमध्ये बसवावा, म्हणजे त्याच्यावर पाण्याचा दाब राहील आणि हवा अडकणार नाही. त्याच लाइनवर एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह, अत्यावश्यक आहे. तो नसेल तर नळ सोडल्यावर परतीच्या लाइनमधूनही उलटे गार पाणी येईल आणि अंघोळीला कोमट पाणी मिळेल.

पंप चोवीस तास चालू ठेवावा असे कोणी सांगितले तर ऐकू नका. 200 लिटर पाणी 20 अंशांवरून 55 अंशांवर नेण्यासाठी लागणारी उष्णता जेमतेम 8 युनिटांएवढी असते. उघड्या गरम पाइपमधून दर मीटरला 20 वॉटच्या आसपास उष्णता निघून जाते, म्हणजे जाण्या-येण्याच्या 50 मीटर लाइनमधून तासाला एक युनिट. सूर्य उगवेपर्यंत टाकीत गरम असे फारसे काही उरणार नाही. म्हणून मला बटणाची पद्धत योग्य वाटते. बाथरूमच्या दाराशी बटण दाबायचे, पंप सुरू होतो, नळापाशी गरम पाणी पोहोचल्याचे सेन्सरला कळले की तो बंद होतो. तेवढ्या मिनिटा-दोन मिनिटांत बाबांचे दात घासून होतील. तरीही दोन्ही लाइनना नायट्राइल रबराचे वेष्टन हवेच, आणि उन्हात असलेल्या भागावर अ‍ॅल्युमिनियमचे आवरणही हवे, कारण उन्हाने ते रबर आणि सीपीव्हीसी दोन्ही खराब होतात.

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसणार आहे. एप्रिल-मेमध्ये सोलरचे पाणी 70 अंशांच्याही वर जाते. आजवर आधी गार पाणी येत असल्यामुळे सावध व्हायला वेळ मिळत होता, तो आता मिळणार नाही. 60 अंशांचे पाणी पाच-सहा सेकंदांत गंभीर भाजू शकते, आणि वयाबरोबर त्वचा पातळ झालेली असते. म्हणून तुमच्या बाथरूममध्ये गार पाणी आपोआप मिसळणारा थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह बसवून तो 42 अंशांच्या आसपास ठरवून घ्यायचा. खर्च वाचवण्यासाठी प्लंबर तो गाळायला सांगेल, तेव्हा बाबांनी मान डोलावू नये.

स्वयंपाकघराची लाइन यात घालू नये. तिथे दिवसातून चार वेळा थोडेसे गरम पाणी लागते, त्यासाठी सिंकखाली 3 लिटरचा इन्स्टंट गीझर पुष्कळ झाला. पंपाचे वायरिंग अर्थिंग आणि आरसीसीबीसह (वीज गळू लागली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचसह) व्हावे. लोड इतका कमी आहे की तो इन्व्हर्टरवरही घेता येईल.

बाबा, प्लंबरला बोलावण्याआधी सकाळी पहिल्यांदा नळ सोडून गरम पाणी येईपर्यंत बादलीत किती पाणी जमते ते मोजून ठेवावे, आणि सोलरच्या टाकीला जोडलेल्या सर्व पाइपांचे फोटो मला पाठवावेत. टाकीला परतीच्या लाइनसाठी जादा तोंड आहे की टी (तीन तोंडांचा जोड) जोडावी लागेल, हे त्यावरून ठरेल. पंप आणि मिक्सिंग व्हॉल्व्हचे पैसे मी पाठवीन. त्यावर वाद नको.

कळावे.
तुमची,
मिनू