काळ्या जमिनीतील जुन्या घरांचे नळ वारंवार का फुटतात?

प्रति,
मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

वैशाखाच्या अखेरीस आणि पुन्हा मृगाचा पहिला पाऊस पडून गेल्यावर आमच्या भागात जुन्या घरांचे नळ फुटण्याच्या तक्रारी एकदम वाढतात. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, म्हणजे अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांच्या सलग काळ्या जमिनीच्या प्रदेशात, तालुक्याच्या गावाला लागून पण ग्रामपंचायतीच्या हद्दीत तीस-चाळीस वर्षांपूर्वी पडलेले अनेक ले-आउट (प्लॉट पाडून वसवलेल्या वस्त्या) आहेत आणि ही अडचण तेथे सर्वांत जास्त दिसते. दोष कधी पाइपच्या कंपनीला दिला जातो, तर कधी प्लंबरच्या हाताला. आयुष्यभर घरबांधणीवर देखरेख करीत आल्यामुळे मला खात्रीने सांगावेसे वाटते की यातील बहुतेक बिघाडांचे मूळ जमिनीच्या स्वभावात आहे आणि आपली दुरुस्तीची रूढ पद्धत पुढच्या वर्षीचा बिघाड आजच पेरून ठेवते.

आपली कापसाची काळी जमीन ही मॉन्टमोरिलोनाइट नावाच्या खनिजाचे प्रमाण मोठे असलेली चिकणमाती आहे. हे खनिज पाणी शोषताना फुगते आणि वाळताना आकसते. उन्हाळ्यात शेतात हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. ऋतूप्रमाणे होणारी ही हालचाल साडेतीन मीटरपर्यंत खोल पोहोचू शकते, म्हणूनच रुरकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशा जमिनीसाठी बुडाशी फुगीर असलेले अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले पायाचे खांब, विकसित केले आणि ते साधारण तेवढे खोल नेण्याची पद्धत रूढ झाली. आमच्या जुन्या घरांचे पाये मात्र तीन-चार फुटांचे आणि अंगणातून घरात येणारा नळाचा पाइप तर दीड-दोन फुटांवरच पुरलेला असतो, म्हणजे जमिनीच्या सर्वांत अस्वस्थ थरात.

त्यातही एक बारकावा आहे, जो घर बांधणाऱ्यांच्याही सहसा ध्यानात येत नाही. घराखालची माती झाकलेली असल्यामुळे तिचा ओलावा वर्षभर फारसा बदलत नाही. अंगणातील माती मात्र उन्हात तडकते आणि पावसात फुगते. या दोन्हींच्या हालचालीतील फरक नेमका जोत्याच्या कडेला सर्वांत जास्त असतो आणि पाइप सिमेंटने पक्का जखडलेला असतो तोही तेथेच. एक टोक भिंतीने धरलेले आणि दुसरे जमिनीबरोबर वरखाली होणारे, अशा स्थितीत ताठ पाइपचा सांधा किती वर्षे टिकणार? लोखंडी पाइप असेल तर खारपाणपट्ट्याची क्षारयुक्त माती त्याला बाहेरून गंजवते आणि पीव्हीसी असेल तर सोल्युशनने चिकटवलेला एल्बो मानेशी चिरतो.

गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या घरातील वहिनी सकाळीच हाक मारून म्हणाल्या, "भाऊ, काल संध्याकाळी टाकी भरेल होती, आज पाह्यलं तं रिकामी. पानी गेलं कोठी?" अंगणभर भेगा पडलेल्या होत्या, पण मोरीच्या भिंतीलगत पाटाएवढ्या जागेत एकही भेग नव्हती आणि तेवढ्याच जागी हरळी हिरवीगार होती. तेथे खणल्यावर टाकीतून उतरून घरात वळणारा पाइप सापडला. त्याच्या एल्बोची मान सॉकेटच्या काठाशी गोल चिरली होती. वरचा तुकडा भिंतीतील सिमेंटने घट्ट धरून ठेवला होता आणि खालचा बोटभर खाली उतरला होता. सांध्यावर आधीच्या दुरुस्तीची सायकलच्या ट्यूबची पट्टी आणि बांधकामाची तार गुंडाळलेली होती. बोलावलेल्या प्लंबरने नवा एल्बो चिकटवला, खणून काढलेली तीच काळी ढेकळे पायाने दाबून भरली आणि तो निघून गेला. श्रावणात तीच जागा पुन्हा ओली झाली.

शहरातील वाचकांना हा किरकोळ प्रकार वाटेल. परंतु आमच्याकडे विहिरींना आणि बोअरला खारे पाणी लागते. पिण्याचे पाणी दूरच्या धरणावरील प्रादेशिक योजनेतून येते आणि गावाची पाळी काही दिवसांच्या अंतराने लागते. अशा वेळी रात्रीतून टाकी रिकामी झाली, तर पुढची पाळी येईपर्यंत त्या कुटुंबाला दारोदार पाणी मागावे लागते. म्हातारी माणसे किंवा बाळंतीण घरात असेल, तर हा प्रसंग किती अवघड होतो हे ज्याने पाहिले आहे त्यालाच कळेल.

वाया गेलेले ते पाणी पायाशी मुरते ही त्याहून गंभीर गोष्ट आहे. घराच्या एका कोपऱ्याखालची माती फुगते, बाकीची कोरडीच राहते आणि खिडकीच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा निघतात. भिंत हलली की पाइपचा दुसरा सांधा ताणला जातो. घर पाइप तोडते आणि पाइप घराला भेगा पाडतो, असे हे चक्र आहे. भिंतीच्या भेगा बुजवण्याची घाई लोक करतात, पण गळती थांबल्यानंतर जमिनीचा ओलावा सारखा होण्यास एक पावसाळा आणि एक उन्हाळा तरी जाऊ द्यावा. त्याआधी केलेले प्लास्टर हमखास पुन्हा फाटते.

आरोग्याची बाजूही लहान नाही. पाणी चालू असताना दाबामुळे नळाच्या चिरेतून पाणी बाहेर जाते, परंतु पाणी बंद झाले की त्याच चिरेतून भोवतालचे घाण पाणी पाइपात ओढले जाते. आमच्या गावांत नळाचा पाइप बहुधा सांडपाण्याच्या नालीला लागून किंवा थेट नालीतूनच गेलेला असतो. त्यात दाब कमी म्हणून अनेक घरांनी अंगणात खड्डा करून नळ खाली घेतलेला आहे आणि पावसात तो खड्डा गढूळ पाण्याने भरतो. काही जण नळालाच टुल्लू पंप जोडतात. तो शेजाऱ्याचे पाणी ओढतोच, शिवाय वाटेतील प्रत्येक चिरेतून नालीतील पाणीही पाइपात खेचतो. पावसाळ्याच्या तोंडावर गावात कावीळ किंवा गॅस्ट्रोची साथ आली की टाकीत ब्लीचिंग पावडर टाकली जाते आणि ते योग्यच आहे, पण टाकीनंतरच्या फुटक्या सांध्यांकडे कोणी पाहत नाही. नळाच्या शेवटच्या टोकाला किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर उर्वरित क्लोरीन मिळाले पाहिजे असे भारतीय मानक सांगते. म्हणून पाण्यातील क्लोरीन पाहण्याची ओटी तपासणी टाकीजवळच्या घरात करून भागणार नाही. ती ले-आउटच्या अखेरच्या घरात केली पाहिजे.

शौचालयाच्या शोषखड्ड्यांचेही असेच आहे, पण त्याविषयी येथे थोडक्यात लिहितो. रेताड जमिनीत एक चौरस मीटर पृष्ठभागातून दिवसाला सुमारे ५० लिटर पाणी मुरते असे धरतात, तर चिकणमातीसाठी हा आकडा १० लिटर धरला जातो. एकाच मापाचा खड्डा सगळीकडे खणला, तर आमच्याकडे तो आषाढातच तुंबणार आणि मैला उलटा येणार. खड्ड्याभोवती रेतीचे आवरण आणि मोठे माप हाच त्यावरील उपाय आहे.

नळ फुटला त्या क्षणी काय करावे हे प्रत्येक घरातील मोठ्या मुलांनाही माहीत असावे. पहिल्यांदा मोटार बंद करून टाकीखालचा वॉल फिरवावा. हा वॉल वर्षानुवर्षे न फिरवल्यामुळे क्षार बसून जाम झालेला असतो, म्हणून तो दर महिन्याला एकदा उघड-बंद करण्याची सवय ठेवावी. पाणी विजेच्या बोर्डाजवळ किंवा मोटारीच्या वायरीपर्यंत पोहोचले असेल, तर कोरड्या जागी उभे राहून मेन स्विच बंद करावा. गळती रस्त्याकडच्या जोडणीवर असेल, तर गावाच्या वॉलमनशिवाय इलाज नसतो आणि तो बिचारा एकटा दोन-तीन गावे सांभाळत असतो. दुरुस्तीनंतरचे पहिले पाणी सोडून द्यावे आणि पुढील काही दिवस पिण्याचे पाणी उकळून घ्यावे.

आता कायमच्या दुरुस्तीविषयी. जोत्यातून पाइप नेताना तो सिमेंटमध्ये जखडू नये. एक इंची पाइपसाठी अडीच इंची पाइपचा तुकडा भिंतीत बसवून त्यातून नळ मोकळा न्यावा आणि मधली पोकळी मऊ पदार्थाने भरावी. जोत्याबाहेरच्या भागात निळ्या पट्ट्यांचा काळा एचडीपीई पाइप वापरावा आणि चरात तो ताणून न टाकता किंचित नागमोडी ठेवावा, म्हणजे जमीन सरकली तरी त्याला सैल जागा राहते. सांधे जोत्यापासून दूर आणि शक्यतो कमी असावेत. खणून काढलेली काळी माती पाइपभोवती परत भरू नये. पाइपच्या आजूबाजूला थोडी रेती आणि वर न फुगणारा मुरूम थराथराने ओला करून ठोकावा. मुंबई आयआयटीतील प्रा. आर. के. कट्टी यांनी फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या, परंतु चिकटून राहणाऱ्या मातीचा थर देण्याचे तंत्र विकसित केले आणि कालव्यांच्या अस्तरीकरणासाठी त्याचा वापर झाला. तेच तत्त्व घराच्या चरालाही लागू पडते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. सगळा चर रेतीनेच भरण्याचा सल्ला काही ठिकाणी दिला जातो, तो काळ्या जमिनीत घातक ठरतो. चिकणमातीतून पाणी लवकर मुरत नाही, त्यामुळे रेतीचा चर पावसाचे पाणी गोळा करून ते थेट पायाशी आणून सोडतो. म्हणून रेतीचा थर पातळ ठेवावा, वरचा भाग मुरमाने बंद करावा आणि चराचा उतार घरापासून दूर द्यावा. अंगणातील मोठ्या कडुनिंबाच्या किंवा पिंपळाच्या जवळून पाइप नेणेही टाळावे, कारण झाडाची मुळे उन्हाळ्यात आसपासची माती आणखी कोरडी करतात आणि ओलाव्याच्या ओढीने सांध्यांत शिरतात.

एचडीपीई पाइप, भिंतीतील तुकडा आणि दोन-चार घमेली मुरूम यांचा खर्च एका एल्बोपेक्षा जास्त आहे हे खरे. पण दरवर्षी प्लंबर, टँकर आणि भिंतीची डागडुजी यांवर होणारा खर्च कोणी मोजत नाही आणि ज्या घरात मजुरीवर चूल पेटते त्या घराला तो सर्वांत जड जातो. म्हणून हा विषय प्रत्येकाच्या खिशावर सोडून चालणार नाही. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक ग्रामीण घराला माणशी रोज ५५ लिटर पाणी नळाने देण्याचे उद्दिष्ट आहे. ज्या घरांत जोडणी झाली, तेथे ती टिकते आहे का हेही त्याच गांभीर्याने पाहिले पाहिजे. काळ्या जमिनीच्या तालुक्यांतील नळजोडणीच्या अंदाजपत्रकात मुरमाचा भराव, जोत्यातील मोकळा तुकडा आणि प्रत्येक घराबाहेर चेंबरमध्ये स्वतंत्र वॉल या बाबी सक्तीने असाव्यात. 'नल जल मित्र' म्हणून गावातील तरुणांना प्रशिक्षण दिले जाते, त्यात आपल्याच जमिनीतील जोडणी प्रत्यक्ष चर खणून शिकवली जावी. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामपंचायतींना दिलेल्या अनुदानाचा ६० टक्के भाग पाणी व स्वच्छतेसाठी बंधित ठेवला होता. त्यातील किती पैसा नालीतून गेलेले पाइप वर घेण्यावर आणि खड्ड्यातील नळ बंद करण्यावर खर्च झाला, याचा हिशेब १ मेच्या ग्रामसभेत मागावा आणि त्याच सभेत पावसाळ्यापूर्वी दुरुस्त करावयाच्या घरांची यादी वाचून दाखवावी, अशी माझी सर्व सरपंचांना आणि पाणीपुरवठा समित्यांच्या सदस्यांना आग्रहाची विनंती आहे.

आपला,
एक नियमित वाचक
खारपाणपट्टा, जि. अमरावती