काळ्या पाण्याची कडी

पुणे,
८ फेब्रुवारी

प्रिय नंदू,

फोनवर तुला ‘मस्त झाली ट्रिप’ एवढंच म्हणालो, कारण शेजारी आई होती. आता निवांत लिहितो.

अंदमानात पोर्ट ब्लेअरला (आता श्री विजयपुरम म्हणायचं, पण रिक्षावाला पोर्ट ब्लेअरच म्हणतो) पोचलो तो सोमवार. सेल्युलर जेल नेमका सोमवारी बंद! चूक माझीच, आईने रात्रीपर्यंत ऐकवलं. मंगळवारी दार उघडायच्या आधीच आम्ही हजर.

तू नकाशे काढणारा माणूस, म्हणून तुलाच सांगतो. १८९६ ते १९०६, दहा वर्षं लावून बांधलेली वास्तू. मधे मनोरा आणि त्याला चाकाच्या आऱ्यांसारख्या सात तिमजली इमारती. एकीचं तोंड दुसरीच्या पाठीकडे. कोठडीच्या दारात उभं राहिलं की समोर भिंत, माणूस दिसायलाच नको. बाबाराव सावरकर आधीपासून इथे होते, तात्याराव, म्हणजे स्वातंत्र्यवीर, १९११ साली आले. सख्खे भाऊ, एकाच आवारात, आणि सुरुवातीला भेट मात्र नाही.

तात्यारावांच्या कोठडीपाशी फोटोंसाठी ही रांग! मीही काढला, खोटं कशाला बोलू. मग खाली एका रिकाम्या कोठडीत शिरलो. दाराची कडी बाहेर, दूर भिंतीतल्या कोनाड्यात आहे. गजांतून हात घातला, खांदा अडकेपर्यंत रेटला, गाल गंजक्या लोखंडाला लागला. बोटं वीतभर अलीकडेच राहिली. आई म्हणाली, “काय चाललंय? लोक बघतायत.”

कोलूला, म्हणजे तेलाच्या घाण्याला, जुंपलेल्या कैद्याचा पुतळा आहे. रोज ३० पौंड खोबरेल काढायचं, म्हणजे साडेतेरा किलो. आई अजून घाण्यावरचंच तेल आणते. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “याला बैल लागतो रे.” नंतर जेवेपर्यंत गप्प.

नामफलकांवर बंगाली नावं किती! १९३३च्या उपोषणात जबरदस्तीने दूध पाजल्यामुळे महावीर सिंह, मोहित मैत्र, मोहन किशोर नामदास गेले. शाळेत आपण यांतलं एकही नाव ऐकलं नव्हतं, आठवतंय का तुला?

सातांतल्या तीनच इमारती उरल्यात. पाडलेल्यांच्या जागेवर सरकारी हॉस्पिटल आहे. संध्याकाळच्या प्रकाश-ध्वनी कार्यक्रमात डासांनी फोडून काढलं, तो वेगळाच विषय.

पण ती कडी डोक्यातून जात नाही. ज्याने ती कागदावर काढली, त्याने आधी कुणाचा तरी हात मोजला असेल ना? तू दाराची उंची काढताना माझा मोजायचास, तसा?

वहिनींना नमस्कार. शिंपल्यांची माळ ठेवलीये त्यांच्यासाठी, येशील तेव्हा ने.

तुझा,
विज्या