ओखामंडळाच्या इतिहासातून गायकवाडी अंमल का गळतो?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ओखा आणि बेट द्वारका यांना जोडणारा सुदर्शन सेतू फेब्रुवारी 2024 मध्ये खुला झाल्यापासून तिकडे जाऊन आलेल्यांची प्रवासवर्णने मराठी वृत्तपत्रांतून वरचेवर वाचायला मिळतात. त्यांत श्रीकृष्णाच्या नगरीनंतर लेखणी एकदम पुलावर येते, आणि मधल्या काळासाठी फार तर ‘येथील वाघेरांनी 1857 च्या सुमारास इंग्रजांशी झुंज दिली’ असे एक वाक्य असते. वाघेर म्हणजे या किनाऱ्यावरची जुनी दर्यावर्दी जमात. ते वाक्य खोटे नाही, पण अपुरे आहे. त्या वेळी द्वारकेवर अंमल इंग्रजांचा नव्हता. तो वडोदऱ्याचा, म्हणजे गायकवाड सरकारचा होता. बाहेरच्या लेखकाने हे विसरावे हे मी समजू शकतो; वडोदऱ्यात राहणाऱ्या मराठी माणसाने विसरावे, हे मात्र समजत नाही.

काठियावाडच्या पश्चिम टोकाचा हा कोपरा, म्हणजे ओखामंडळ, गायकवाडांनी तलवारीने जिंकलेला नाही. कच्छच्या आखाताच्या तोंडाशी वसलेल्या वाघेरांची गलबते व्यापारी जहाजे लुटतात, ही ईस्ट इंडिया कंपनीची जुनी तक्रार होती. कंपनीचे वडोदऱ्यातील रेसिडेंट कर्नल वॉकर यांनी 1807 मध्ये द्वारका, बेट, आरामडा येथील प्रमुखांकडून चाचेगिरी सोडण्याचे आणि किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजांवरचा हक्क टाकण्याचे करार लिहून घेतले. ते टिकले नाहीत, म्हणून कंपनीने फौज पाठवून हा मुलूख ताब्यात घेतला आणि आनंदराव गायकवाडांच्या काळात, नोव्हेंबर 1817 च्या तहाने, तो वडोदऱ्याच्या स्वाधीन केला. त्याच तहात अहमदाबादेतील गायकवाडांचे हक्क कंपनीने आपल्याकडे घेतले. हिंदू राजाच्या हाती द्वारकेसारखे धाम आले याचा दरबारी आनंद खरा असेलही, पण व्यवहार म्हणून पाहिले तर शहाणपणा कोणी केला हे सांगायला नको. सांभाळायला अवघड, उत्पन्नाला बेताचा आणि हुजुरापासून दूरचा असा हा किनारा होता.

तेथील वाघेरांना या देवघेवीत कोणी विचारले नव्हते. गावे सरकारजमा झाली आणि पूर्वीच्या हक्कांच्या बदल्यात प्रमुखांना रोख नेमणुका, म्हणजे ठरावीक भत्ते, बांधून देण्यात आल्या. नेमणूक वेळेवर पोचत नाही, ही त्यांची तक्रार पुढे वारंवार दिसते. तहाला तीन वर्षे होतात न होतात तोच 1820 मध्ये पहिला मोठा उठाव झाला आणि कर्नल स्टॅनहोप यांच्या फौजेने द्वारका पुन्हा घेतली. दुसरा उठाव जोधा माणेक यांच्या नेतृत्वाखाली 1858–59 मध्ये झाला. तेव्हा वाघेरांनी द्वारका आणि बेट ही दोन्ही ठिकाणे ज्यांच्याकडून घेतली ती गायकवाडांची शिबंदी, म्हणजे तिथे ठेवलेली फौज, होती. इंग्रज आले ते त्यानंतर, गायकवाडांच्या वतीने. ऑक्टोबर 1859 मध्ये कर्नल डोनोव्हन यांनी समुद्रातून आणि जमिनीवरून बेटावर मारा केला. पहिला हल्ला वाघेरांनी परतवला, पण अखेर त्यांना बेट सोडावे लागले. या मोहिमेत देवालयांनाही झळ पोचली. द्वारकेच्या मंदिराचा जीर्णोद्धार पुढे 1861 मध्ये खंडेराव महाराजांनी केला, हे आपण अभिमानाने सांगतो. तो करावा का लागला, हे सांगत नाही.

जोधा माणेकांनंतर मुळू माणेक यांनी झुंज चालू ठेवली. डिसेंबर 1867 मध्ये माछरड्याजवळच्या टेकडीवरील चकमकीत हेबर्ट आणि ला टूश हे दोन इंग्रज कॅप्टन पडले. पुढच्या वर्षी मुळू माणेकही मारले गेले. या बंडांच्या परिणामी वाघेरांवरची देखरेख ब्रिटिश अधिकाऱ्याकडे आणि महसुलाचा कारभार वडोदऱ्याकडे, अशी विचित्र दुहेरी व्यवस्था ओखामंडळात चालली.

सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीबद्दल आपण भरभरून लिहितो, म्हणून मी थोडक्यात लिहितो. ओखा बंदर 1926 मध्ये सुरू झाले, आणि दुसऱ्याच वर्षी ब्रिटिश सरकारने काठियावाडी बंदरांतून येणाऱ्या मालावर ब्रिटिश हद्दीवरच्या विरमगाम नाक्याची जकात पुन्हा लावली. संस्थानाने आधुनिक बंदर बांधले तरी त्याचा नफा किती होऊ द्यायचा, हे दिल्लीत ठरत होते. मिठाच्या कारखान्यातून मिठापूरची रसायननगरी उभी राहिली तीही याच मुलखात. बडोदे संस्थान 1 मे 1949 रोजी मुंबई राज्यात विलीन झाले आणि ओखामंडळाचा आपल्याशी असलेला कागदोपत्री संबंध संपला. 2013 मध्ये जामनगरचे विभाजन होऊन देवभूमी द्वारका जिल्हा झाला. सागरी सीमेवरचा जिल्हा म्हणून तो आता बातम्यांत असतो.

वाघेरांना ‘चाचे’ म्हटले की कंपनीची कारवाई रास्त ठरते, आणि केवळ ‘इंग्रजांविरुद्ध लढलेले वीर’ म्हटले की आपल्या कमाविसदारांना (महसूल अधिकाऱ्यांना) प्रश्न विचारण्याची वेळच येत नाही. दोन्ही शब्द गायकवाडी कारभाराला सोयीचे आहेत. ज्यांच्या नेमणुका थकवल्या त्या समाजाचे नाव आज विमुक्त, म्हणजे ब्रिटिश काळात गुन्हेगार ठरवलेल्या, जमातींच्या यादीत आहे. तिथवर ते कसे पोचले, याचा काही भाग तरी वडोदऱ्याच्या राज्यकारभारात शोधावा लागेल.

गायकवाडी दफ्तराची मोडी कागदपत्रे याच शहरातील अभिलेखागारात आहेत. आपण द्वारकेवर पुन्हा पुरवणी काढाल तेव्हा मोडी जाणणाऱ्या एखाद्या अभ्यासकाकडून ओखामंडळाच्या महसुलावर आणि वाघेरांच्या नेमणुकांवर लेख मागवावा, आणि शक्य झाल्यास द्वारका परिसरातील वाघेर कुटुंबांकडे या उठावांच्या ज्या आठवणी पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जातात त्यांनाही त्याच पानावर जागा द्यावी, ही विनंती.

आपला एक वाचक,
दांडिया बाजार, वडोदरा