संगणक उत्तर देतो, पण ते खरे कशावरून?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात गेल्या पंधरवड्यात एका वाचकाचे पत्र छापून आले होते. विमानाभोवतालची हवा कशी वाहते हे आता संगणक बसल्या जागी दाखवतो, उद्या एआय तेच क्षणात सांगेल, मग त्यासाठी तरुण मुलांना वर्षानुवर्षे विद्यावेतन देऊन सरकारने पैसा का घालवावा, असा त्या पत्राचा सूर होता. करदात्याने पैशाचा हिशेब मागावा, यात गैर काहीच नाही. पण त्यांनी जे गृहीत धरले आहे तेच मुळात तसे नाही, म्हणून हे पत्र.

माझी मुलगी हेच काम करते. बंगळुरूला तिची पीएच.डी. चालू आहे, ध्वनीपेक्षा वेगाने सुटणाऱ्या हवेच्या झोतातली खळबळ संगणकावर कशी मांडायची, हा तिचा विषय. मी गोव्यात वास्कोला हायर सेकंडरीच्या मुलांना गणित शिकवून निवृत्त झाले. विमानशास्त्र माझे नव्हे, पण त्यामागचे गणित मला कळते. ती घरी आली की जेवणानंतर ताट तसेच बाजूला सारून आमचे कागद-पेन्सिल सुरू होते. तिच्याकडून आणि तिने वाचायला दिलेल्या निबंधांतून जे उमगले तेच लिहिते आहे.

आम्ही चिखलीला राहतो. नौदलाच्या हंसा तळावरून मिग-29के ही लढाऊ विमाने उडाली की खिडकीची तावदाने थरथरतात, कपाटातले स्टीलचे पेले किणकिणतात आणि फोनवरचे बोलणे थांबवावे लागते. धावपट्टीवर विमानाचा वेग ध्वनीच्या जवळपासही नसतो. त्याच्या मागून सुटणारा तप्त झोत मात्र ध्वनीला मागे टाकून बाहेर पडतो आणि भोवतीच्या स्थिर हवेला घुसळून काढतो. रात्रीच्या उड्डाणात शेपटीमागच्या ज्वाळेत तेजस्वी मणी ओळीने लागलेले दिसतात ना, ते त्या झोतातले शॉक. हवेचा दाब तिथे एका झटक्यात बदलतो. झोतातले भोवरे त्या शॉकमधून आरपार जाताना आणखी कर्कश आवाज निघतो. म्हणजे पत्रलेखकांना जो विषय दूरचा वाटला तो मुरगाव तालुक्यातल्या प्रत्येक घरात कानांवर आदळतो.

हा आवाज गणितात पहिल्यांदा बसवला तो जेम्स लाइटहिल यांनी, 1952 मध्ये. ध्वनीपेक्षा कमी वेगाच्या झोतासाठी त्यांनी दाखवले की आवाजाची शक्ती वेगाच्या आठव्या घाताने वाढते. वेग निम्मा केला तर आवाजाची शक्ती 256 पटींनी घटते. प्रवासी विमानांची इंजिने तोंडाशी इतकी रुंद होत गेली त्याचे एक कारण हेच: जास्त हवा, पण सावकाश सोडायची. (मुख्य कारण इंधनाची बचत, हेही सांगायला हवे.) लढाऊ विमानाला ही सोय नाही. तिथे झोत वेगवानच हवा, म्हणून आवाज कमी करायचा तर झोत सोडणाऱ्या नळीच्या तोंडाचा आकार बदलून पाहावा लागतो, आणि प्रत्येक आकार घडवून, इंजिनाला जोडून, पेटवून बघणे परवडत नाही. त्यासाठी सिम्युलेशन, म्हणजे संगणकावर गणिताने केलेली नक्कल. 2013 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ध्वनीपेक्षा वेगवान झोताचा आवाज काढण्यासाठी लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेतल्या सेक्वोया या महासंगणकाचे दहा लाखांहून अधिक कोअर (आकडेमोड करणारे घटक) एकाच वेळी कामाला लावले होते. एका झोतासाठी! बसल्या जागी दिसणाऱ्या उत्तरामागे एवढे सगळे असते.

एवढे का लागते? हवा-पाण्याच्या वाहण्याची समीकरणे तर नाव्हिए आणि स्टोक्स यांनी एकोणिसाव्या शतकातच लिहून ठेवली. अडचण ती सोडवण्यात आहे. ओहोटीच्या वेळी खाजनाच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीच्या) मानशीतून, म्हणजे पाणी सोडायच्या दारातून, सुटणारे पाणी ज्यांनी पाहिले असेल त्यांना हे लगेच कळेल. दारातून पाणी उसळून बाहेर पडते, मोठा भोवरा होतो, तो फुटून लहान होतात, ते फुटून आणखी लहान, शेवटी डोळ्यांना दिसेनासे होतात. हवेतही हेच घडते, आणि संगणकाला यातला सगळ्यात मोठा भोवराही मोजावा लागतो व सगळ्यात लहानही. त्यासाठी हवेच्या जागेत बिंदूंची बारीक जाळी कल्पून प्रत्येक बिंदूवर समीकरणे सोडवायची. कोल्मोगोरोव्ह यांनी 1941 मध्ये मांडलेल्या सिद्धांतावरून याचा हिशेब निघतो. रेनॉल्ड्स अंक, म्हणजे ढोबळमानाने प्रवाहाची खळबळ सांगणारा आकडा, दहापट झाला की जाळीत लागणारे बिंदू सुमारे 178 पट होतात आणि एकूण आकडेमोड हजारपट. 1987 मध्ये दोन सपाट भिंतींमधल्या अगदी साध्यासुध्या, मंद प्रवाहासाठी किम, मोईन आणि मोझर यांना सुमारे 40 लाख बिंदू घ्यावे लागले होते. आख्ख्या विमानाभोवती सगळे भोवरे अशा रीतीने मोजता येतील इतके मोठे यंत्र आजही जगात कुठे नाही. म्हणून मोठे भोवरे मोजायचे आणि लहानांचा परिणाम एखाद्या सूत्राने धरायचा, अशी तडजोड करावी लागते. कुठे मोजायचे आणि कुठे धरायचे, हे माणूस ठरवतो.

आता त्यात शॉक आला की खरी कोंडी होते, आणि ती मला थोडी सविस्तर सांगायची आहे, कारण मुलीची सगळी वर्षे तिच्यातच गेली आहेत.

शॉकची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते. जाळी कितीही बारीक विणली तरी तो दोन बिंदूंच्या मधेच पडतो. संगणकाला दिसतो तो नुसता कडा: या बिंदूवर दाब एवढा, शेजारच्या बिंदूवर एकदम कितीतरी पट. अशा कड्यावरून गुळगुळीत वक्र ओढायला गेले की वक्र वर-खाली हेलकावे खातो, आणि एखाद्या हेलकाव्यात दाब शून्याच्या खाली जातो. ध्वनीचा वेग काढायचा तर दाबाला घनतेने भागून वर्गमूळ घ्यावे लागते. ऋण संख्येचे वर्गमूळ! पडद्यावर आकड्यांच्या जागी 'एनएएन' अशी तीन अक्षरे उमटतात, म्हणजे ही संख्याच नव्हे, आणि ती अक्षरे एका बिंदूवरून शेजारच्या बिंदूंवर पसरत जाऊन सगळे गणित गिळून टाकतात. महासंगणकावर रांगेत नंबर लागायची वाट पाहायची, रन, म्हणजे ते गणित, सुरू व्हायचा आणि मध्यरात्री कधीतरी तो असा मरायचा. पहिल्या वर्षी ती फोनवर नुसते "आई, परत एनएएन" म्हणायची आणि मला सगळे कळायचे.

यावर उपाय म्हणून गणितात थोडा कृत्रिम चिकटपणा घालतात. त्याने कडा जरा बोथट होतो आणि हेलकावे थांबतात. ही युक्ती जुनी आहे, फॉन नॉयमन आणि रिख्तमायर यांनी ती 1950 मध्ये मांडली. पण तोच चिकटपणा लहान भोवऱ्यांना मारून टाकतो, आणि आवाज तर भोवऱ्यांतूनच यायचा आहे. चिकटपणा घातला तर भोवरे मरतात, नाही घातला तर गणित मरते. दोन्ही एकाच झोतात, हातभर अंतरावर, एकमेकांत मिसळलेले. शॉकला जे हवे तेच भोवऱ्याला मारक, ही या विषयाची गाठ.

ती सोडवण्याचा एक मार्ग बारावीच्या मुलालाही समजेल इतका सुंदर आहे. 1999 मध्ये द्युक्रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो सुचवला. प्रत्येक बिंदूवर दोन गोष्टी काढायच्या: हवा किती वेगाने दाबली जाते आहे आणि ती किती गरगरते आहे. पहिलीच्या वर्गाला दोन्हींच्या वर्गांच्या बेरजेने भागायचे. शॉकमध्ये हवा दाबली जाते पण फारशी गरगरत नाही, म्हणून उत्तर एकाजवळ येते. भोवऱ्यात उलटे, तिथे उत्तर शून्याजवळ. मग चिकटपणा फक्त एकाजवळच्या बिंदूंवर घालायचा. मी हे कागदावर करून पाहिले तेव्हा इतका आनंद झाला की शेजारच्या बाईंनाही समजावून सांगितले. अर्थात दोन्ही गोष्टी एकाच जागी असल्या की ही युक्तीही गोंधळते, आणि माझ्या मुलीचे काम नेमके तिथून सुरू होते.

शिवाय उत्तर मिळाले म्हणजे संपले असे नाही. जाळी तिन्ही दिशांनी दुप्पट बारीक करून तेच गणित पुन्हा करायचे. बिंदू आठपट, वेळेचा टप्पा निम्मा, म्हणजे काम सोळापट. उत्तर बदलले तर पहिल्यावर विश्वास ठेवायचा नाही. न बदलले तरी विंड टनेलमधल्या, म्हणजे प्रयोगासाठी हवा वेगाने सोडायच्या बोगद्यातल्या, मोजमापाशी ताडून पाहायचे. आपल्याकडे असा ध्वनीपेक्षा वेगवान विंड टनेल सतीश धवनांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत 1950च्या दशकात उभा केला, आणि संगणक आले म्हणून मोजमापाची गरज संपलेली नाही. रंगीत चित्र तर चुकलेल्या गणिताचेही तितकेच देखणे येते. एआयबद्दल तेच सांगेन: त्याला शिकवायला जे आकडे लागतात ते कुणीतरी असेच काढलेले आणि तपासलेले असावे लागतात.

आपल्या माणसांनी यात केवढे काम केले आहे हे वाचकांना कळायला हवे, म्हणून दोन नावे सांगते. आयआयटी मुंबईत शिकलेले संजीव लेले स्टॅनफर्डला प्राध्यापक आहेत. लहान भोवरे न मारता आकडेमोड करण्याची त्यांची 1992 मधली पद्धत आजही जगभर वापरतात. दुसरे नाव कल्पना चावला यांचे. अंतराळवीर होण्याआधी 1988 पासून त्या नासाच्या एम्स केंद्रात हेच काम करत होत्या: जमिनीलगत तरंगणाऱ्या हॅरियरसारख्या विमानाखाली हवेचे झोत कसे वागतात याचे सिम्युलेशन. सी हॅरियर विमाने 2016 पर्यंत आपल्या दाबोळीत होती. ती जागच्या जागी हवेत उभी राहताना आम्ही मुलांना गच्चीवर नेऊन दाखवत असू. त्या गच्चीवर उभ्या असलेल्या मुलींना कुणी सांगितले असते की या विमानाखालच्या हवेचे गणित हरियाणातल्या कर्नालच्या एका मुलीने मांडले आहे, तर किती बरे झाले असते.

माझी विनंती एवढीच आहे. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनने (महासंगणकांच्या योजनेने) प्रशिक्षणासाठी निवडलेल्या मोजक्या केंद्रांत आयआयटी गोवा आहे. तिथे फर्मागुढीला पदवी आणि पदविकेच्या मुलांसाठी, आणि गणितात रुची असलेल्या हायर सेकंडरीच्या मुलांसाठीही, सुट्टीतले वर्ग भरवावेत. मुलांनी स्वतः एक लहानसा कोड (संगणकाचा प्रोग्रॅम) लिहावा, तो कोसळताना पाहावा आणि मग दुरुस्त करावा. मेकॅनिकल घेतले की मुलगा गॅरेजमध्येच जाणार, असे समजणाऱ्या पालकांनाही एक दिवस आत बसू द्यावे. सरकारने त्यासाठी बसभाडे आणि जेवणाची सोय केली तर काणकोण-सत्तरीची मुलेही येतील. असे वर्ग ठरले तर आपल्या दैनिकाने त्यांच्या तारखा पहिल्या पानावर द्याव्यात. गणिताचा भाग शिकवायला माणूस हवा असेल तर मी विनामूल्य यायला तयार आहे. माझा पत्ता आपल्या कार्यालयात आहे.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका
चिखली, वास्को