राईनपाड्याची नोंद कुठे आहे? गृहमंत्र्यांना खुले पत्र

मा. गृहमंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

सप्रेम नमस्कार.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याचा बाजार भरला होता. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, ही अफवा मोबाईलवरून पाड्यापाड्यांत आधीच पोचलेली. भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत मारून टाकलं. साक्री तालुक्यात ही तारीख कोणाला सांगावी लागत नाही. सरकारी तक्त्यांत मात्र ती हरवते. एका गुन्ह्यात कितीही कलमं लागली तरी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग त्यातलं सर्वांत गंभीर कलमच मोजतो. म्हणजे ‘खून’. जमाव, अफवा, बाजार, सगळं पुसलं जातं.

पण घटना अशी न पुसताही नोंदवता येते. ‘ॲक्लेड’ ही संस्था जगभरातल्या राजकीय हिंसेच्या आणि आंदोलनांच्या घटना एकेक करून नोंदवते: तारीख, गाव, कोण विरुद्ध कोण, किती मृत्यू. मग ती घटना नकाशावर बसवते. सुरुवात आफ्रिकेपासून झाली. तिथल्या नोंदी १९९७ पासूनच्या आहेत, भारतातल्या २०१६ पासूनच्या. मला यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. शांततेतलं आंदोलन आणि दंगल यांचे रकाने वेगळे आहेत. कांद्याच्या भावासाठी रस्त्यावर बसलेला शेतकरी दंगलखोरांत मोजला जाऊ नये, एवढीच तर आमची मागणी असते.

पण ही संस्था मुख्यतः बातम्यांवर चालते. नंदुरबार जिल्ह्यात धडगाव-मोलगीकडच्या पाड्यावर काही घडलं आणि बातमी आलीच नाही, तर नकाशा तिथे कोरा राहतो आणि पाहणारा म्हणतो, शांतता आहे.

आपल्याकडे तसं होण्याचं कारण नाही. प्रत्येक पोलीस ठाण्यात रोजच्या घडामोडींची स्टेशन डायरी आहे, गावात पोलीस पाटील आहेत, मोर्चाच्या परवानगीचे अर्ज आहेत. जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांची घटनावार नोंद दर महिन्याला जाहीर करा. तारीख, गाव, प्रकार, कारण, जखमी, मृत्यू. आंदोलकांची नावं त्यात अजिबात नकोत. माणसांवर पाळत ठेवायला ही नोंद वापरली गेली, तर त्यापेक्षा ती नसलेली बरी.

आणखी एक. १७ जुलै २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळींवर निकाल दिला. आधीच्या पाच वर्षांत असे प्रकार झालेले जिल्हे आणि गावं तीन आठवड्यांत शोधा, असं राज्यांना सांगितलं. आमच्या तीन जिल्ह्यांतली कोणती गावं त्या यादीत आहेत, ते आम्हाला कळवा.

आपला,
साक्री तालुक्यातला एक नागरिक