तुझा पंखा मी बाबागाडीला लावलेला नाही

लष्कर, ग्वाल्हेर
१९ मे

प्रिय मंदा,

तू चिऊच्या बारशाला पाठवलेला बॅटरीचा छोटा पंखा मी बाबागाडीला लावलेला नाही. एवढं एक वाक्य लिहायला मला सहा आठवडे लागले. फोनवर तू दोनदा विचारलंस, "कसा चालतोय गं?" आणि दोन्ही वेळा मी "वारा छान देतो" म्हणून वेळ मारून नेली. वारा तो छानच देतो, पण तुझ्याशी असं अर्धंमुर्धं बोलले याची टोचणी लागून राहिली होती. त्यात परवा तू म्हणालीस की तस्साच दुसरा छकुलीसाठी मागवलाय. मग मात्र राहवेना. दुसऱ्या कुणाला हे लिहिलं असतं तर "आलेल्या भेटवस्तूत खोड काढते" म्हणाली असती. तू वर्कशॉपमध्ये माझ्याशेजारी उभं राहून पंधरा वर्षं मोटरी गुंडाळल्यास, तुला कळेल.

इकडे सगळे ठीक. माझं बीपी गोळीवर आहे, यांचा गुडघा आहे तसाच. लेक जूनअखेरपर्यंत इथेच आहे, तिच्या चिऊला पाचवा महिना लागलाय.

तर पंखा. हातात घेतल्यावर सवयीने आधी जाळीला मिमी मोजायचा व्हर्नियर लावला. पुढच्या जाळीच्या काड्या मध्यातून निघून कडेकडे पसरत जातात. मध्याजवळ दोन काड्यांत ४ मिमी फट आहे, कडेला तीच ९ मिमी होते. मागची जाळी आणखी ढोबळ, ११ मिमी. पाती जाळीच्या आत जेमतेम ६ मिमीवर, आणि ती कडक प्लास्टिकची. तीन वर्षांखालच्या मुलाचं बोट म्हणून चाचणीला जी सळई वापरतात ती ५.६ मिमी जाडीची असते, त्यावरच्या मुलांची ८.६ मिमीची. या जाळीतून दोन्ही आत जातात. बरं, जिथे फट सर्वांत मोठी तिथेच पात्याचा वेगही सर्वांत जास्त. दहा सेंटिमीटर व्यासाची पाती मिनिटाला तीन हजार फेऱ्या घेते असं धरलं, तर टोक सेकंदाला पंधरा मीटरच्या वर धावतं. पाचव्या महिन्यातल्या बाळाचं बोट ते!

तुझा दुसरा पंखा आला की मोज. व्हर्नियर पोरांनी कुठे टाकला असेल तर साधी पेन्सिल घे, ती साधारण ७ मिमीची असते. पेन्सिल कुठूनही आत गेली तर पंखा बाद. मग कान साफ करायच्या काडीचं कापसाचं टोक लावून बघ, तेही अडायला हवं. फट ५ मिमीच्या आतच हवी, आणि पुढे जेवढी बारीक तेवढीच मागे. मागच्या जाळीकडे कुणी बघतच नाही. पण पंखा हवा ओढतो मागूनच. तिथेच बाळाच्या आईची बट जाते, ओढणीचं टोक जातं, आणि मलमलीचं कापड चिकटून बसलं की वाराही बंद आणि मोटरही तापते.

मऊ फोमच्या पातीचे, जाळीच नसलेले पंखे मिळतात. बोटाला ते लागत नाहीत हे खरं, पण वारा अगदीच बेताचा, आणि दात येऊ लागले की पोरं तो फोम चावून तुकडे काढतात. तेव्हा बारीक जाळीवालाच बरा.

आता ज्या गोष्टीची मला खरी काळजी आहे तिच्यावर येते. तुला तो प्रदर्शनातला कूलर आठवतो का? खोलीची खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावरून आपण आठ दिवस एकमेकींशी बोललो नव्हतो आणि डबे वेगवेगळ्या बाकांवर खाल्ले होते. मंदे, बाबागाडीतही तोच वाद आहे, आणि मी अजून माझ्याच बाजूला आहे. हवा बाहेर जायला वाट नसेल तर आत लोटून उपयोग नाही. टप पूर्ण ओढलेला, मागची जाळीची खिडकी बंद, वरून ऊन लागू नये म्हणून कोरडं दुपटं पसरलेलं, आणि त्या पोकळीत पंखा लावलेला: तो तीच तापलेली हवा घुसळत बसतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं बाळ वाऱ्यात आहे. आत बाळाच्या अंगाची उष्णता साठत जाते आणि दुपट्यामुळे त्याचा चेहराही दिसत नाही.

सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ साली हे बाबागाडीत मोजून दाखवलं. कोरड्या कापडाने झाकलं की आतलं तापमान चढतं. तीच पातळ पांढरी मलमल ओली करून टाकली आणि जोडीला पंखा लावला, तर सुमारे पाच अंशांनी उतरतं. मात्र ती पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा ओली करावी लागते, वाळली की तीच कोरडं कापड होते. आपल्याला यात नवल नाही, वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारतच आपण लहानाच्या मोठ्या झालो. इथल्या कोरड्या लूमध्ये, म्हणजे उन्हाळ्याच्या गरम वाऱ्यात, हे झकास चालतं. तुमच्याकडे बडोद्याला जून उजाडला की हवाच ओली, मग कापडातलं पाणी उडणार कुठे? तेव्हा पाऊस तोंडावर आला की ओल्या मलमलीच्या भरवशावर राहू नकोस. आणि कापड कसंही असलं तरी दोन बाजू उघड्या ठेव, ते बाळाच्या तोंडाजवळ लोंबू देऊ नकोस, आणि दर काही मिनिटांनी उचलून आत बघ.

पंखा हवा गार करत नाही हे तुला सांगायला नको, पण घरातल्या सगळ्यांना एकदा सांग. तो घाम उडवतो आणि अंगाभोवतीची गरम हवा बाजूला सारतो. कातडीचं तापमान साधारण पस्तीस. हवा त्याच्या वर गेली की प्रत्येक झुळूक अंगाला उष्णताच देते. मोठ्या माणसाचं घामाने थोडंफार भागतं, तान्ह्याचं तेवढंही भागत नाही. ४० अंशांच्या वर पंख्यावर विसंबू नका असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते, आणि इथे मेमध्ये पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो. त्या हवेत बाबागाडीला पंखा लावणं म्हणजे बाळाच्या अंगावर लू सोडणं! २५ तारखेपासून नवतपा, कडक उन्हाचे नऊ दिवस. मी लेकीला वेळच ठरवून दिलीय: सकाळी आठच्या आत, किंवा सूर्य मावळल्यावर. मावळतोच सातच्या सुमाराला, आणि त्यानंतरही फूलबागेकडचा डांबरी रस्ता बराच वेळ धग सोडत असतो. आपण उभे असतो, बाळ मात्र रस्त्यापासून हात-दीड हातावर. निघण्याआधी बाळाच्या उंचीवर तळहात धरून बघायचा, आणि पट्ट्याच्या बकलला हाताची मागची बाजू लावायची.

वारा किती लागतोय यापेक्षा मान बघ. मानेच्या मागे बोटं घातली आणि ती घामेजलेली, कढत लागली तर एक कपडा कमी कर आणि सावलीत ने. सहा महिन्यांखालच्याला पाणी नाही, अंगावरच जास्त वेळा पाजायचं. लंगोट नेहमीपेक्षा कमी भिजले, बाळ मलूल झालं, श्वास भराभर चालला तर पंखाबिंखा बाजूला ठेवून थेट डॉक्टर.

मोटरच्या बाबतीत मात्र तुझंच खरं. ब्रशवाली मोटर लहान पंख्यात नकोच, असं तू तेव्हाही म्हणायचीस. कार्बन झिजतो, खरखर वाढते, आणि पातं कशात अडकलं की करंट चढून वाइंडिंग भाजतं. ब्रशलेस (बीएलडीसी) घेतली तर आवाज कमी, आणि पातं अडलं की बहुतेकींचं सर्किट आपोआप थांबवतं. दुकानातच विचारायचं, "बीएलडीसी आहे का?" दुकानदार गोंधळला तर सर्वांत कमी वेगावर लावून कानाशी धरायचा. ब्रशची खरखर तुझ्या कानाला चुकणार नाही.

बॅटरीचं तर ऐकच. खोक्यावर बॅटरीची क्षमता १०००० एमएएच छापलीय. मी उघडला (तू उघडू नकोस असं म्हणणार होते, पण तू उघडशीलच, सेल शॉर्ट होऊ देऊ नकोस). आत एकच १८६५० मापाचा सेल, वजन ४४ ग्रॅम. या मापाचा चांगल्यात चांगला सेल साडेतीन हजारांच्या आसपास थांबतो, दहा हजार त्यात मावतच नाहीत. पूर्ण वेगावर मीटर १.१ अँपिअर दाखवत होता, म्हणजे ३.७ व्होल्टने चार वॉट. पंखा चालला एक तास पन्नास मिनिटं. म्हणजे सेल फार तर दोन हजारांचा. "२४ तास चालतो" हे सगळ्यात मंद वेगाचंही होणार नाही. पंखा न उघडता अंदाज घ्यायचा तर वजन बघावं: एक सेल ४५ ग्रॅम धर, दहा हजारांच्या दाव्याला असे निदान तीन लागतील. सेलवर किंवा बॅटरीवर बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) खूण, नोंदणीचा आर-नंबर आणि आयएस १६०४६ हा मानक क्रमांक छापलेला असावा. माझ्याकडच्या सेलवर नुसतं निळं प्लास्टिक आहे.

मोबाइलच्या नव्या, दोन्हीकडे सी-पिन असलेल्या वायरने तो चार्ज होत नाही, त्याच्यासोबत आलेल्या वायरनेच होतो. पंखा बिघडलाय असं समजू नकोस. आत ५.१ किलो-ओहमचे दोन रेझिस्टर बसवायचे वाचवलेत, त्यामुळे समोर कुणी जोडलंय हे चार्जरला कळत नाही आणि तो व्होल्टेज सोडत नाही. चार्जिंग ४५ अंशांच्या वर करायचं नसतं, म्हणून गच्चीत नाही, खिडकीच्या उन्हात नाही, बंद गाडीत तर पंखा ठेवायचाच नाही. रात्री खोलीत, माणूस जागं असताना. पॉवर बँकेला लांब वायर लावून बाबागाडीत चालवणं तर मुळीच नको. बाळाजवळ कुठलीही दोरी वा वायर २२ सेंटिमीटरपेक्षा लांब नको, गळ्याला वेढा बसतो. रिमोट आला असेल तर तो आजच घराबाहेर काढ, त्यातला बटन सेल पोराने गिळला तर अन्ननलिका जाळतो.

बसवायचं कसं, तर चिमट्याचा भरवसा धरू नये. बाबागाडीचे दांडे बहुतेक चपटे किंवा लंबगोल, चिमट्याचा जबडा गोल. दोनच ठिकाणी टेकतो आणि खड्ड्यात गाडी गेली की फिरतो. पुढच्या फोमच्या दांड्यावर लावला तर पकड बसते, पण तो थेट बाळाच्या हातात. लवचिक तीन पायांचा घे आणि पाय टपाच्या बाहेर, बाजूच्या सांगाड्याला दोन-दोन वेढे देऊन आवळ. टपाच्या कडेला टांगायचा नाही. तीनशे-साडेतीनशे ग्रॅम वजन, टप वाकतो आणि पंखा सुटला तर बाळाच्या तोंडावर. वर सुती पट्टीची आखूड गाठ मारून ठेव. बाळाने हात पूर्ण लांब केला, पाय उडवला तरी पोचणार नाही इतका पंखा लांब, साधारण दोन फुटांवर. रोख पोटाकडे आणि मांड्यांकडे, तोंडावर नाही. डोळे कोरडे पडतात आणि धूळ जाते. टपाची मागची खिडकी उघडी, म्हणजे खालून आलेली हवा वरून निघून जाईल. (कूलर, मंदे!)

दर आठवड्याला जाळी काढून कोरड्या ब्रशने झाड, आसाला गुंडाळलेला केस काढ. पात्याला बारीक तडा दिसला तर फेकायचं. तडकलं की तोल जातो, तोल गेला की थरथर, आणि थरथरीने पकड सैल होते. पाण्याचा फवारा मारणारे पंखे बाळाला नकोत, त्या टाकीत शेवाळ धरतं.

तुझ्या फ्लॅटचं रजिस्ट्रेशन झालं का? भावोजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पार पडलं हे विमलताईकडून कळलं, तुझ्याकडून नाही, त्याबद्दल वेगळं भांडेन. लोणच्याची बरणी कुणी बडोद्याला जाणारं मिळालं की पाठवते.

दुसरा पंखा अजून आला नसेल तर ऑर्डर आजच रद्द कर. आला असेल तर खोकं फोडायच्या आधी पेन्सिल हाताशी घे. छकुलीच्या बाबागाडीचा बाजूचा दांडा किती जाडीचा आणि गोल की चपटा, तेवढं कळव. इथे बाड्यावर नजरबाग मार्केटमध्ये बारीक जाळीचा, तीन पायांचा एक बघून ठेवलाय. मागची जाळी मोजून आले, ४ मिमी आहे. माप बसलं तर दोन घेते. तुझा पंखा मी स्वयंपाकघरात उंच फळीवर लावलाय. पोळ्या लाटताना वारा बरोब्बर मानेवर येतो, आणि रोज त्या वेळी तुझी आठवण निघते.

तुझी,
सुधा